फोन चार्ज होतो, मग फाइल का येत नाही?

‘चार्जिंग होतंय, म्हणजे केबल ठीकच आहे.’ फोन संगणकाला जोडला आणि फायली हलल्या नाहीत की पहिला निष्कर्ष हाच निघतो, आणि पुढची सगळी खटपट त्यावर उभी राहते. ड्रायव्हर (संगणकाला फोनशी बोलता यावं म्हणून असलेले प्रोग्रॅम) काढून पुन्हा टाकले जातात, विंडोज अपडेट होतं, शेवटी कुणीतरी फोन फॅक्टरी रीसेट करायला सांगतो. जे फोटो संगणकावर घ्यायचे होते तेच त्यात पुसले जातात. खरं म्हणजे हा व्यवहार पायरीपायरीने चालतो. तो कुठल्या पायरीवर अडला हे आधी पाहिलं, तर निम्मे उपाय करून पाहण्याची गरजच उरत नाही.

आधी तारा पाहू. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात: एक ५ व्होल्टची, एक ग्राउंडची आणि डेटासाठी डी प्लस व डी मायनस ही जोडी. बॅटरी भरायला पहिल्या दोन पुरतात. छोटे पंखे, दिवे, इअरफोन यांच्यासोबत येणाऱ्या काही केबलींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. चार्जिंग झालं म्हणजे वीज नेणाऱ्या तारा शाबूत आहेत, एवढंच सिद्ध होतं.

संगणकाच्या पोर्टमध्ये दोन्ही डेटा-तारा १५ किलोओहमच्या रोधांनी (रेझिस्टरांनी) शून्य व्होल्टजवळ ओढून धरलेल्या असतात. फोन जोडला की तो डी प्लस १.५ किलोओहमच्या रोधातून ३.३ व्होल्टकडे खेचतो. फोनची ओढ दहापट जोरकस, त्यामुळे तार ३ व्होल्टच्या आसपास पोहोचते आणि कुणीतरी आल्याचं संगणकाला समजतं. तो किमान १०० मिलिसेकंद थांबतो, कारण प्लग आत जाताना संपर्क थरथरत असतो. मग रीसेट देऊन शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर विचारतो, ‘कोण?’ फोन १८ बाइटचं उत्तर पाठवतो. त्यात निर्मात्याचा आणि उत्पादनाचा क्रमांक असतो. संगणक फोनला १ ते १२७ यांमधला एक पत्ता देतो, आणि नंतरच ड्रायव्हर शोधायला लागतो.

हा क्रम लक्षात घेतला तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधला (जोडलेल्या उपकरणांच्या यादीतला) संदेश वाचता येतो. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ आणि कोड ४३ दिसत असेल, तर पहिल्या प्रश्नाचंच उत्तर धड आलेलं नाही. समोर कोण आहे हेच संगणकाला माहीत नाही, तर तो ड्रायव्हर कुणाचा लावणार? इथे ड्रायव्हर बदलत बसण्यात अर्थ नाही. केबल, पोर्ट आणि फोनचं तोंड तपासायचं. कोड २८ असेल तर मात्र ओळख पटली आहे आणि ड्रायव्हर बसलेला नाही. त्यासाठी ड्रायव्हर अपडेटमध्ये ‘संगणकावरच्या यादीतून निवडा’ हा पर्याय घेऊन ‘एमटीपी यूएसबी डिव्हाइस’ (एमटीपी ही फायली देण्याघेण्याची पद्धत, ती पुढे येईल) निवडलं की बहुधा काम होतं. विंडोजच्या ‘एन’ (मीडियाचे भाग वगळलेल्या) आवृत्तीत मात्र हा ड्रायव्हर मुळात नसतो, मीडिया फीचर पॅक टाकावा लागतो. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर दुरुस्त’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांना या कामात काहीही स्थान नाही.

टाइप-सी प्लगसाठी एक चाचणी फार कामाची आहे: प्लग काढा, उलटा करा आणि पुन्हा लावा. फोनच्या तोंडात डी प्लस-डी मायनसच्या दोन जोड्या असतात, वर एक आणि खाली एक. प्लगमध्ये मात्र एकच. म्हणजे प्लग उलटला की फोनकडचे वेगळेच संपर्क वापरात येतात. एका बाजूने चालतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर तोंडात कचरा आहे किंवा संपर्क झिजलाय. विजेसाठी आणि ग्राउंडसाठी मात्र चार-चार संपर्क असल्याने थोड्याशा कचऱ्याने चार्जिंग अडत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तळाशी दबलेला कापसासारखा मळ अलगद काढावा. टाचणी नको, आणि तोंडाने फुंकरही नको, तिच्यात ओलावा असतो.

मोठी फाइल अर्ध्यात तुटते, लहान मात्र जाते, हेही बऱ्याचदा केबलचंच दुखणं असतं. डेटा लहान पाकिटांत विभागून जातो आणि प्रत्येक पाकिटासोबत तपासणी-अंक जातो. तो जुळला नाही तर पाकीट पुन्हा पाठवलं जातं, आणि लागोपाठ तीनदा चुकलं तर संगणक तो व्यवहार सोडून देतो. हब (एका पोर्टाचे अनेक करणारा जोड) काढून फोन थेट संगणकाला लावा, केबल आखूड घ्या. सोन्याचा मुलामा दिलेल्या प्लगने ‘डेटा शुद्ध जातो’ ही मात्र थाप आहे. सोनं गंजत नाही, इतकाच त्याचा गुण. बिट एकतर बरोबर पोहोचतो किंवा चुकतो.

तारा ठीक, ओळख पटली, तरी फोनचं चिन्ह दिसतं आणि आत फोल्डर रिकामं. हा बिघाड नाही, कुलूप आहे. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन जोडल्यावर आपण सांगेपर्यंत डेटा उघडा करत नाही. स्क्रीन अनलॉक करा, वरची सूचनापट्टी ओढा, यूएसबीच्या सूचनेवर जाऊन ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. दरवेळी हे नको असेल तर सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि ‘डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन’ बदला. स्क्रीन उघडावी लागेलच. आयफोन ‘ट्रस्ट’ विचारतो तेही स्क्रीन उघडी असतानाच.

आता मुख्य भाग. सगळं सुरळीत असतानाही फोन पेनड्राइव्हसारखा का वागत नाही?

पेनड्राइव्ह लावला की संगणक त्याचा पूर्ण मालक होतो. कुठला ब्लॉक (साठवणीचा तुकडा) मोकळा, कुठली फाइल कुठून सुरू, याचा तक्ता तो स्वतः वाचतो, स्मृतीत ठेवतो आणि स्वतः बदलतो. सुरुवातीचे अँड्रॉइड फोन असेच जोडले जात. पण फोन हा स्वतःच एक संगणक आहे आणि त्याच जागेवर तोही लिहीत असतो. समजा दोघांनीही तक्ता वाचला, आणि दोघांच्याही स्मृतीत ५००० क्रमांकाचा ब्लॉक मोकळा आहे. फोनने तिथे नवा फोटो ठेवला. क्षणभरानंतर संगणकाने तिथेच गाणं ठेवलं. दोन फायली एकाच ब्लॉकवर हक्क सांगतायत, आणि जो तक्ता शेवटी लिहिला जाईल तो दुसऱ्याची नोंद पुसून टाकेल. म्हणून त्या काळी फोन संगणकाला जोडला की फोनला त्या जागेवरचा ताबा सोडावा लागे. केबल लागलेली असेपर्यंत मेमरी कार्डवरची गाणी, फोटो, तिथे ठेवलेली अ‍ॅप फोनवरून गायब. शिवाय विंडोजला वाचता यावी म्हणून ती जागा फॅट या जुन्या फाइल-मांडणीच्या पद्धतीनेच मांडावी लागे.

२०११ च्या अँड्रॉइड ३.० पासून हा वाद मिटवला गेला तो मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉलने, म्हणजे एमटीपीने. मायक्रोसॉफ्टने कॅमेऱ्यांसाठीच्या चित्र-हस्तांतर पद्धतीवरून तो बेतला होता, आणि २००८ मध्ये तो यूएसबीच्या मानकांत आला. यात संगणकाला ब्लॉक दिसतच नाहीत. ग्रंथालयात कपाटांपर्यंत जायची मुभा नसावी आणि खिडकीवर चिठ्ठी देऊन पुस्तक मागावं, तसा हा कारभार. संगणक यादी मागतो, फोन प्रत्येक फाइलसाठी एक ३२ बिटांचा क्रमांक देतो. संगणक एखाद्या क्रमांकाचं नाव, आकार, तारीख विचारतो. मग ती फाइल मागतो. प्रत्येक व्यवहाराचे टप्पे ठरलेले: आज्ञा, डेटा, उत्तर. एक व्यवहार संपल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही.

नेहमीच्या बऱ्याच तक्रारी या रचनेतूनच निघतात. पाच हजार लहान फोटो एका मोठ्या व्हिडिओपेक्षा जास्त वेळ घेतात, कारण प्रत्येकामागे विचारपूस वेगळी. फोनच्याच फाइल मॅनेजरमध्ये आधी त्यांची एक झिप करून ती पाठवली तर वेळ वाचतो. फोनला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, म्हणून रोबोकॉपीसारखी, फाइलचा पथ (पत्ता) मागणारी कॉपीची साधनं तिथे पोहोचत नाहीत. त्यांच्याऐवजी डेव्हलपर ऑप्शन्समधलं यूएसबी डीबगिंग चालू करून एडीबी या संगणकावरच्या साधनाची ‘पुल’ आज्ञा वापरावी. फोनमधला दस्तऐवज थेट उघडला तर बहुधा त्याची तात्पुरती प्रत उघडते, ‘सेव्ह’ केलेलं फोनपर्यंत जात नाही. आधी संगणकावर घ्या, बदला, मग परत पाठवा. जुन्या अँड्रॉइडमध्ये ही यादी फोनच्या मीडिया-नोंदवहीतून येत असे. एखाद्या अ‍ॅपने फाइल केली पण नोंद केली नाही, तर ती फोनवर असूनही संगणकावर दिसत नसे. फोन बंद करून चालू केल्यावर ‘आपोआप’ दिसायची ती नव्याने नोंदणी झाल्यामुळे.

फाइलच्या आकारासाठी मूळ रचनेत ३२ बिटच आहेत, म्हणजे कमाल ४,२९,४९,६७,२९५ बाइट. फाइल ४ जीबीपलीकडे गेली तर तिथे हाच आकडा भरून खरा आकार वेगळ्या ६४ बिटांच्या गुणधर्मातून विचारायचा असतो. दोन्हीकडच्या प्रोग्रॅमनी हे नीट पाळलं नाही की लांबलचक व्हिडिओ अडकतो. मॅकवर एमटीपी मुळातच नाही, वेगळं अ‍ॅप लागतं. आणि फोटो घेणारा दुसरा प्रोग्रॅम आधीच फोन धरून बसला असेल तर या अ‍ॅपला फोन ‘व्यस्त’ दिसतो. तो आधी बंद करा.

आयफोनकडून विंडोजवर फोटो घेताना ‘सिस्टिमला जोडलेलं उपकरण चालत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, तर केबलला दोष देऊ नका. फोन एचईआयसी (आयफोनचा नेहमीचा फोटो-प्रकार) फोटो वाटेतच जेपीजी करून देत असतो. फोटोंच्या सेटिंग्जमध्ये मॅक किंवा पीसीकडे पाठवण्याचा पर्याय ‘ऑटोमॅटिक’वरून ‘कीप ओरिजिनल्स’वर ठेवा.

उरलं ते जुळवणीचं. सिंक करणारे, म्हणजे दोन्हीकडच्या फायली सारख्या ठेवणारे, प्रोग्रॅम फाइल बदलली का हे सहसा आकार आणि वेळ पाहून ठरवतात. मेमरी कार्डावरच्या फॅट३२ मांडणीत वेळेला १६ बिट: तासाला ५, मिनिटाला ६, सेकंदाला उरले ५. पाच बिटांत ३२ च आकडे मावतात, म्हणून सेकंद दोन-दोनच्या पावलांनी मोजले जातात. संगणकावर १७ सेकंद आणि कार्डवर १६. प्रोग्रॅमला वाटतं फाइल बदलली, आणि सगळं कार्ड पुन्हा कॉपी होतं. सेटिंगमध्ये दोन सेकंदांचा फरक चालवून घेण्याची मुभा द्या. फॅटमध्ये वेळ स्थानिक असते, टाइमझोनची नोंद नसते. घड्याळाचा झोन बदलला की सगळ्या फायली एकदम तासांनी पुढेमागे झालेल्या दिसतात.

मराठी नावांच्या फायलींत आणखी एक खोच आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता (खालचा ठिपका) अशा दोन चिन्हांनी; काही कीबोर्ड तर र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असंही लिहितात. डोळ्यांना तिन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल-प्रणाली नावं ठेवताना पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करत असे; विंडोज आणि अँड्रॉइड जसं आलं तसंच ठेवतात. मग सिंकनंतर ‘दुसऱ्या दिवसाचे फोटो’ नावाची दोन फोल्डरं शेजारी दिसतात, आणि ‘अतिरिक्त काढून टाका’ हा पर्याय चालू असेल तर त्यातलं एक प्रोग्रॅम बिनदिक्कत पुसतो. तो पर्याय चालू करण्याआधी ड्राय रन (प्रत्यक्ष काही न पुसता चाचणी) करा आणि काय पुसलं जाणार आहे ती यादी वाचा.