कागदी कपात मेण नव्हे, प्लॅस्टिक असतं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगले की कागदी कपांतून चहा फिरतो, आणि कोणीतरी हमखास बजावतं, "आतलं मेण वितळून पोटात जातं बरं का!" वर्षानुवर्षं चाललेला हा समज चुकीचा आहे.

मेणाचे कप होते, पण ते थंड पेयांचे. पॅराफिन मेण साधारण ५० ते ६५ अंशांना वितळतं, म्हणजे उकळत्या चहापुढे त्याचा टिकाव लागणारच नाही. चहाच्या कपात आतून सहसा पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. खात्री करायचीय? रिकामा कप रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि सकाळी चोळा. कागदाचा लगदा सुटतो, हातात पारदर्शक पापुद्रा उरतो.

हा थर चहात वितळत नाही, त्याला शंभराहून जास्त अंश लागतात. पण म्हणून निर्धास्त राहू नका. खरी काळजी सूक्ष्म कणांची आहे. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना २०२० मध्ये १०० मिली गरम द्रवात १५ मिनिटांत सुमारे २५,००० प्लॅस्टिक कण आढळले. त्यामुळे कपात चहा ठेवून गप्पा मारत बसू नये; काचेचा ग्लास मागावा हे उत्तम.

आणि हे कप रद्दीत टाकू नका. तो पापुद्रा वेगळा काढायची सोय साध्या कागद गिरणीत नसते.