सायटोमेगॅलोव्हायरसची लस आणि प्राण्यांवरचे प्रयोग

सायटोमेगॅलोव्हायरस म्हणजे सीएमव्ही, कांजिण्या-नागिणीच्या व्हायरसच्या कुळातलाच. धडधाकट माणसाला लागला तर बहुतेक वेळा कळतही नाही, एकदा शिरला की जन्मभर अंगात दबून राहतो, पण गरोदर बाईकडून पोटातल्या बाळाला गेला तर बाळाला बहिरेपणा येऊ शकतो, डोकं लहान राहू शकतं, वाढ मागे पडू शकते. परवाना मिळालेली लस अजून एकही नाही.

पसरतो तो मुख्यतः लहान लेकरांच्या लाळेतून आणि लघवीतून. रावेर-यावलकडे लेकरानं अर्धं चावून सोडलेलं केळं आई टाकत नाही, स्वतःच खाऊन टाकते, आणि व्हायरसला तेवढी वाट पुरते. भारतात बहुतेक बायकांना गरोदर राहायच्या कितीतरी आधीच हा संसर्ग होऊन गेलेला असतो, म्हणून खान्देशात खरा प्रश्न पहिल्या संसर्गाचा कमी आणि जुना व्हायरस जागा होण्याचा किंवा दुसरा स्ट्रेन लागण्याचा जास्त.

अडचण अशी की माणसाचा सीएमव्ही प्राण्यांत वाढतच नाही. प्रत्येक प्राण्याचा सीएमव्ही वेगळा, म्हणून त्या त्या प्राण्याच्या व्हायरसमधलं जुळतं प्रोटीन घेऊन त्याच्यासाठी वेगळी लस बनवायची आणि त्यावरून माणसाचा अंदाज बांधायचा.

उंदीर स्वस्त पडतो, पण त्याच्या वारेत (प्लॅसेंटात) आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे तीन थर असतात, व्हायरस पलीकडे जात नाही. मग नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात सुईने व्हायरस टोचतात आणि मेंदूवर, कानावर काय होतं ते बघतात.

सगळ्यात कामाचा प्राणी गिनी पिग. त्याच्या लाळग्रंथीतल्या व्हायरसवर कोल आणि कटनर यांनी १९२६ मध्येच काम केलं होतं, माणसाचा सीएमव्ही प्रयोगशाळेत वाढवता आला तो १९५६ च्या सुमारास. गिनी पिगच्या वारेत माणसासारखाच एक थर असतो, म्हणून व्हायरस आईकडून पोटातल्या पिल्लापर्यंत आपणहून पोचतो. प्रयोग असा: मादीला आधी लस द्यायची, अँटिबॉडी मोजायच्या, मग नराजवळ सोडायची, गाभण राहिली की व्हायरस टोचायचा, आणि ६५-७० दिवस भरून व्याली की किती पिल्लं जगली, वजन किती भरलं, लिव्हर, प्लीहा, मेंदूत व्हायरस आहे का हे पीसीआरने तपासायचं. व्हायरसच्या आवरणावरच्या जीबी नावाच्या प्रोटीनच्या लशीने या पिल्लांची मर कमी झाली, आणि २००९ मध्ये त्याच प्रोटीनच्या लशीने बायकांच्या ट्रायलमध्ये संसर्ग साधारण निम्म्याने कमी केला. म्हणून या प्राण्यावर भरवसा ठेवायला जागा आहे.

माणसाच्या सगळ्यात जवळचं म्हणजे ऱ्हीसस माकड, लाल तोंडाचं. आपली तापी ही पश्चिमेकडे या माकडाची जुनी दक्षिण हद्द मानतात, नदीच्या दक्षिणेला टोपी माकड. भारताने १९७८ मध्ये या माकडांची निर्यात बंद केली, तरी अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत अजून भारतीय वंशाची माकडं वाढवतात. कळपात जवळपास सगळ्यांनाच लहानपणी सीएमव्ही लागलेला असतो, व्हायरस न लागलेली मादी मिळवायला पिल्लू वेगळं वाढवावं लागतं, खर्च अफाट. २०१५ मध्ये माद्यांच्या सीडी४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या टी पेशींचा एक प्रकार) काढून व्हायरस वारेतून जातो हे दाखवलं, आणि पुढे आधीच ताकदीच्या अँटिबॉडी दिल्या तर पोटातलं पिल्लू वाचतं हेही दिसलं.

पण खान्देशाच्या दृष्टीने मोलाचा शोध २०१० चा. आधीच संसर्ग झालेल्या माकडात व्हायरस पुन्हा कसा घुसतो? तर व्हायरसच्या यूएस२ ते यूएस११ या पट्ट्यातली जीन्स सीडी८ पेशींपासून, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशींपासून, त्याला लपवतात, ती काढून टाकलेला व्हायरस जुन्या रोग्यात पाय रोवू शकत नाही. म्हणजे नुसत्या अँटिबॉडी वाढवून भागेल असं नाही, टी पेशींचा विचार लशीत करावाच लागणार.

मॉडर्ना या अमेरिकन कंपनीच्या एमआरएनए लशीत जीबी आणि पाच प्रोटीनचा पेंटामर दोन्ही होते, प्राण्यांत अँटिबॉडी भरपूर तयार झाल्या, तरी २०२५ मध्ये माणसांवरच्या ट्रायलच्या तिसऱ्या टप्प्यात ती संसर्ग रोखायला कमी पडली. त्या ट्रायलचा मुख्य निकाल आधी कधीच संसर्ग न झालेल्या बायकांवर बेतलेला होता, आणि जळगाव-धुळ्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात तशी बाई शोधावी लागेल.