रस्ता नव्हता म्हणून मिळालेली सूट

स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला, ऑस्ट्रियाच्या हद्दीला खेटून सामनाऊन नावाचं खोरं आहे. एकोणिसाव्या शतकात स्वतःच्याच देशातून तिथे जायला गाडीरस्ता नव्हता. सगळा व्यापार ऑस्ट्रियाच्या बाजूने चाले, त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक जिनसेवर स्विस जकात बसायची. अखेर १८९२ साली हे खोरं जकातीच्या हद्दीबाहेर काढलं गेलं. १९१२ पर्यंत रस्ताही झाला. सूट मात्र आजही आहे, आणि स्वस्त दारू, अत्तरं, पेट्रोल यांसाठी लोक तो घाट चढून येतात.

छोट्या करमुक्त मुलखांचा इतिहास चाळताना हेच पुन्हा पुन्हा दिसतं. अडचण मिटते, तिच्यापोटी मिळालेली सवलत राहते. उत्तर समुद्रातलं हेल्गोलँड बेट ब्रिटनने १८९० मध्ये जर्मनीला दिलं, तरी ते जकातीबाहेरच राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी तिथे प्रचंड स्फोट घडवले, बेट उजाड झालं. १९५२ मध्ये ते परत मिळाल्यावर रहिवाशांनी घरं नव्याने उभारली, आणि बोटीने येऊन संध्याकाळी परतणारे पर्यटक त्यांचा आधार झाले. अशा ठिकाणांना नुसतं ‘स्वस्त बाजार’ म्हणणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं.

मालाकडून कंपन्यांकडे करसवलतीचा हा प्रवास कसा झाला, ते आयर्लंडच्या शॅननमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतं. अटलांटिक ओलांडणारी विमानं इंधनासाठी तिथे उतरत. विमानतळावरच्या खानपान सेवेचे प्रमुख ब्रेंडन ओ’रीगन यांनी १९४७ मध्ये तिथे जगातलं पहिलं विमानतळावरचं ड्यूटी-फ्री दुकान सुरू केलं. पुढे जेट विमानं आली आणि हा थांबा अनावश्यक ठरू लागला. तेव्हा १९५९ मध्ये विमानतळालगतच मुक्त औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. आता सवलत प्रवाशाच्या पिशवीला नव्हे, कारखान्याला होती.

त्यापुढे कारखान्याचीही गरज उरली नाही. कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांनी १९६६ मध्ये बँका आणि ट्रस्ट कंपन्यांसाठी कायदा केला. ब्रिटिश व्हर्जिन बेटांनी १९८४ मध्ये परदेशी व्यवसायासाठी कंपनी नोंदवणं अगदी सोपं केलं. आज तिथली लोकसंख्या काही हजारांतच आहे आणि नोंदलेल्या कंपन्या काही लाख. मलेशियाच्या लाबुआनमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र आहेत: करमुक्त खरेदी आणि १९९० पासूनचं ऑफशोअर, म्हणजे परदेशी ग्राहकांसाठीचं, वित्तकेंद्र.

मोठे देश गप्प बसले नाहीत. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेने १९९८ मध्ये घातक करस्पर्धेवर, म्हणजे कर कमी करून दुसऱ्या देशांचा पैसा ओढण्यावर, अहवाल काढला, आणि २०१४ मध्ये बँकखात्यांची माहिती देशादेशांत आपोआप पोचवण्याचे निकष ठरवले. पिढ्यान्‌पिढ्या करमुक्त असलेल्या अँडोराने २०१५ मध्ये रहिवाशांवर प्राप्तिकर लावला. मला हा बदल योग्य वाटतो, कारण नावापुरती नोंदलेली कंपनी आणि बेटावर राहणारा माणूस यांची गरज सारखी नसते.

प्रवाशांसाठी मोठा बदल १ जुलै १९९९ रोजी झाला. युरोपीय संघाने सदस्य देशांमधल्या प्रवासातली ड्यूटी-फ्री विक्री बंद केली. फिनलंडची ओलांड बेटं मात्र संघाच्या करक्षेत्राबाहेर आहेत. म्हणून स्वीडन आणि फिनलंडदरम्यानची मोठी जहाजं आजही वाटेत या बेटांना लागतात, काही तर ऐन मध्यरात्री थोडा वेळ, जहाजावरचं करमुक्त दुकान उघडं राहावं यासाठी.