खोबरेल थिजतं तेव्हा तुळशीत काय होतं?

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते आणि ती वाचून कोल्हापुरातले बागवेडे आपापल्या कुंड्यांच्या काळजीत पडतात. पानातलं पाणी गोठेल, बर्फाने पेशी फुटतील, ही भीती. आपल्याकडे तसं होत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा रात्री साधारण १४-१५ अंशांवर असतो, लाट आली की आणखी काही अंश उतरतो. शून्य फार दूर राहतं. तरीही तुळस झडते, क्रोटनची पानं गळतात, अँथुरियमवर काळपट डाग पडतात. बर्फाचा कण नसताना झाड का खचतं, हे मला वनस्पतिशास्त्रातलं फार देखणं कोडं वाटतं.

त्याचं उत्तर खोबरेलाच्या बाटलीत आहे. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, स्वयंपाकघरातलं शेंगतेल मात्र पातळच राहतं. फरक मेदाम्लांचा. १८ कार्बन अणूंची सरळ साखळी असलेलं स्टिअरिक आम्ल ६९ अंशांच्या आसपास वितळतं. त्याच लांबीच्या साखळीत एक दुहेरी बंध आला की ते ओलिइक आम्ल होतं आणि वितळणबिंदू थेट १३ अंशांवर येतो. दोन बंध असले तर उणे ५, तीन असले तर उणे ११. दुहेरी बंधापाशी साखळी वाकते. वाकड्या साखळ्या एकमेकींना लगटून रचल्या जात नाहीत, म्हणून त्या पातळ राहतात.

झाडाच्या प्रत्येक पेशीचं पटल अशाच मेदाम्लांच्या साखळ्यांचं असतं आणि ते जिवंतपणी प्रवाही असावं लागतं. ते घट्ट झालं की क्षार बाहेर झिरपतात, पटलात बसलेली प्रथिनं मंदावतात. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच नाजूक झाडांमध्ये हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतल्या अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणाच्या, आतल्या पटलातला फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल हा मेद सरळ साखळ्यांनी भरलेला असतो. जपानच्या नोरिओ मुराता यांच्या गटाने १९९२ मध्ये हे तंबाखूवर दाखवून दिलं, आपल्या शेजारच्या निपाणीचं पीक ते. मेदाचा कणा असलेल्या ग्लिसरॉलला कोणती साखळी जोडायची हे ठरवणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक त्यांनी काही रोपांत थंडी न सोसणाऱ्या भोपळावर्गीय वेलीतून घातलं, काहींत मोहरीच्या कुळातल्या थंडी सोसणाऱ्या अ‍ॅरॅबिडॉप्सिसमधून. पहिली रोपं थंडीला जास्त हळवी झाली, दुसरी जास्त काटक. एका विकराने एवढा फरक!

पुढचा भाग जरा किचकट आहे, पण तोच कुंडीपाशी उपयोगी पडतो. प्रकाश झेलताना हरितलवकातलं डी-१ नावाचं प्रथिन सतत मोडतं आणि सतत नवं बसवलं जातं. पटल घट्ट असेल तर मोडणं चालूच राहतं, बसवणं रखडतं. त्यातच गारठ्याने साखर बनवणारी विकरं संथ झालेली असतात. पकडलेली प्रकाशऊर्जा मग ऑक्सिजनकडे वळते आणि घातक रेणू तयार होतात. म्हणजे नाजूक झाडाला रात्रीच्या थंडीइतकंच, कधी त्याहून जास्त, त्यापाठोपाठ येणारं सकाळचं कडक ऊन नडतं. गार मुळं पाणीही कमी ओढतात, त्यामुळे ओल्या मातीत उभं झाड माना टाकतं. आपण ते तहानलेलं समजून आणखी पाणी घालतो आणि मुळं कुजतात.

वृंदावनातली तुळस सुकली की घरावर संकट येणार, असं अजूनही कितीतरी घरांत मानलं जातं आणि त्याचा ठपका बहुतेक वेळा घरातल्या बाईवर येतो. हा अन्याय आहे. तुळस उष्ण हवेतलं झाड आहे, थंडीत ती झडणारच. मोबाइलवर विकल्या जाणाऱ्या ‘थंडीरोधक टॉनिक’वरही पैसे घालू नयेत.

त्याऐवजी कुंड्या पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीला लावा. दिवसभर तापलेला जांभा किंवा काळा दगड रात्री ऊब देतो आणि पश्चिमेला ऊन उशिरा येतं. निरभ्र रात्री पानं अवरक्त किरणांवाटे उष्णता आकाशाकडे टाकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. जुनी सुती साडी किंवा गोणपाट वरून धरलं की हा ऱ्हास अडतो. साधं पॉलिथिन त्या किरणांना बरंच आरपार जाऊ देतं, शिवाय पानांना चिकटतं. पांघरूण सकाळी काढा. पाणी माती चाचपून, दुपारच्या आत घाला. अडेनियमला तर महिनाभर जवळजवळ नकोच. युरिया टाळा, कारण त्याने फुटणारी कोवळी पालवी आधी बळी पडते.

झाडाकडे दुहेरी बंध घालणारी विकरंही असतात, फक्त त्यांना काही दिवसांची सवड लागते. म्हणून पॉलिहाऊसमधून ऐन गारठ्यात आणलेलं रोप थेट गच्चीवर ठेवू नये, आधी आडोशाला ठेवावं. आणि काळवंडलेल्या फांद्या लगेच छाटू नका. थंडी शिव शिव म्हणत गेली की, महाशिवरात्रीनंतर, फांदी नखाने किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती फुटणार आहे.