कांदाटी खोऱ्यातली शिंदी-वळवण : लोकसंख्या आणि वाटांची पार्श्वभूमी

शिंदी आणि वळवण ही गावं सातारा जिल्ह्यातली, तालुका महाबळेश्वर. त्यांचा बाजारहाट मात्र सह्याद्री उतरून रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडला. तालुक्याच्या गावी जायचं तर मध्ये शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, आडवा येतो.

जावळीच्या मोऱ्यांचा हा मुलूख, त्याचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. आजच्या अडचणीचं, म्हणजे बारमाही वाट नसण्याचं, मूळ इतकं मागे नाही, ते कोयना धरणात आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं. खोऱ्याच्या तळातली भातखाचरं आणि जुन्या पायवाटा बुडाल्या. वर उरलेल्या वस्त्यांना पलीकडच्या काठावरच्या तापोळ्याकडे जायला लाँच राहिली. उन्हाळ्यात फुगवटा ओसरला की काठ लांब जातो. मग गॅसचा सिलिंडर, तांदळाचं पोतं, आजारी माणूस, सगळं गाळातून उचलून लाँचपर्यंत न्यावं लागतं. पावसाळ्यात वारा सुटला की लाँचचाही भरवसा नाही.

पुढे रघुवीर घाटाचा रस्ता झाला आणि खेडहून खोऱ्यातल्या अकल्पे गावापर्यंत एसटी जाऊ लागली. खोऱ्याला हा मोठाच आधार मिळाला. पण पावसाळ्यात याच घाटात दरडी कोसळतात आणि त्या दिवसांत गावाला दोन्हीकडून वाट नसते. लगतचं जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्पात आलं, त्यामुळे रस्त्याच्या कामांना वनखात्याच्या परवानगीचा फेराही जोडला गेला.

खरा अन्याय झाला तो लोकसंख्येच्या निकषात. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. बारमाही रस्त्यासाठी वस्तीत ५०० माणसं हवीत, असा सर्वसाधारण नियम ठरला. डोंगरी राज्यं, वाळवंटी भाग आणि संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतले आदिवासी भाग यांना २५० ची सवलत मिळाली. ‘डोंगरी’ ठरवताना राज्य पाहिलं, जमीन पाहिली नाही. महाराष्ट्र डोंगरी राज्यांच्या यादीत नाही, म्हणून सह्याद्रीच्या कड्याखालच्या वाडीलाही पठारावरच्या गावाचाच नियम लागू झाला. आसपासच्या वस्त्यांची माणसं एकत्र मोजायची मुभा होती, पण ५०० मीटरच्या आतल्या. इथे एक वाडी डोंगराच्या या सोंडेवर, दुसरी ओढ्यापलीकडे. हे अंतर कुठून जुळायचं?

त्यात माणसं मोजली कधी, तेही पाहावं. २००१ आणि २०११ या दोन्ही वेळची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. खोऱ्यातले कर्ते पुरुष तेव्हा मुंबईत होते, बरेचसे माथाडी कामावर. गाव भरतं शिमग्याला आणि गणपतीला. २०११ चा शिमगा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होता. ज्यांचं घर, जमीन, देव, सगळं इथे, ती माणसं नोंदली गेली मुंबईत. घाटाखालच्या रत्नागिरी जिल्ह्याचे लोकसंख्येचे आकडे या स्थलांतराची साक्ष देतात : २००१ मध्ये १६,९६,७७७, २०११ मध्ये १६,१५,०६९, आणि दर हजार पुरुषांमागे ११०० हून जास्त बायका. रस्ता नाही म्हणून माणूस बाहेर पडतो, आणि माणूस बाहेर पडला म्हणून रस्ता नाकारला जातो, हे चक्र आकडे ठरवणाऱ्यांना दिसायला हवं होतं.

२०१५ पासून राज्याची स्वतंत्र ग्रामसडक योजना आली, तिने काही कामं मार्गी लावली. केंद्राच्या योजनेचा चौथा टप्पा २०२४ मध्ये मंजूर झाला. त्यात २५,००० वस्त्या जोडायच्या आहेत, पण मोजदाद धरली आहे २०११ ची आणि मैदानी भागासाठीची अट पुन्हा ५०० चीच. उतार किती, दरड किती वेळा येते, पाण्याचा वेढा किती महिने, यांतलं काहीही निकषात नाही. २०२१ ची जनगणना लांबली ती आता २०२७ वर आली आहे, आणि तिचाही संदर्भ दिनांक, म्हणजे लोकसंख्या ज्या दिवशीची धरायची तो दिवस, १ मार्च आहे, म्हणजे शिमग्याच्या आधीचा.