पार्श्वभूमी : बोनेट घरी, बोअर उद्यमनगरात

माझ्या जुन्या पद्मिनी मोटारीचं हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरवरचा झाकणासारखा भाग, मी पहिल्यांदा उतरवलं ते घराच्या दारात, फरशीवर गोणपाट टाकून. गाडी तापत होती आणि रेडिएटरमधलं पाणी जातंय कुठे ते कळत नव्हतं. हेड पोत्यात गुंडाळलं, स्कूटरवर दोन पायांमध्ये ठेवलं आणि उद्यमनगर, म्हणजे कोल्हापूरची वर्कशॉपांची वसाहत, गाठलं. तिथल्या मिस्त्रीने हेडवर स्टीलची सरळ पट्टी उभी धरली आणि पलीकडून बॅटरीचा झोत टाकला. पट्टीखालून उजेडाची केसाएवढी रेघ आली. "हितनं पाणी जातंय बघा," एवढंच म्हणाला. या गाडीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, फार तापलं की वाकतं. फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट करणं, होऊन दुपारी ते परत मिळालं. हेडखालचं नवं गॅस्केट (सांधा बंद करणारा पातळ थर) टाकलं, मधल्या नटापासून बाहेरच्या नटांकडे जात दोन-तीन फेऱ्यांत आवळलं, आणि अंधार पडायच्या आत गाडी सुरू झाली.

कोल्हापुरात जुनी गाडी घरी दुरुस्त करणं म्हणजे साधारण हे असं. उघडायचं घरी, मशीनवरचं काम उद्यमनगरात, जोडायचं परत घरी. क्रँक ग्राइंडिंग, रिबोअर (झिजलेला सिलिंडर कापून मोठ्या मापाचा करणं), बुश काढणं-घालणं हे सगळं स्कूटरच्या टप्प्यात असल्यावर घरी पान्यांची पेटी आणि जॅक पुरतो. ही सोय मात्र मोटारवाल्यांसाठी कुणी केलेली नव्हती.

तिचं मूळ उसात आहे. नदीचं पाणी उचलायला आणि गुऱ्हाळावर ऊस गाळायला या भागात ऑइल इंजिनं आली. ऐन हंगामात इंजिन बंद पडलं की चरक थांबतो आणि तोडलेला ऊस वाळायला लागतो. मुंबईहून कंपनीचा माणूस आणि सुटा भाग येईपर्यंत थांबणार कोण? मग गावातल्याच मिस्त्रींनी इंजिनं उघडली, तुटलेला भाग नमुना म्हणून पुढे ठेवून तसाच ओतला, लेथवर घासून मापाला आणला. पुढे अख्खी इंजिनंच इथे बनू लागली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही त्या पिढीतली नावं. पोवारांचं नाव आज एका औद्योगिक वसाहतीला आहे. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी 1918च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार केला, तोही याच वळणाचा: वस्तू विकत मिळत नाही ना, मग उघडून बघू आत काय आहे. शिवाजी उद्यमनगर, नंतर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी, तिथल्या फाउंड्र्यांमध्ये ओतले जाणारे मोटारींचे भाग, सगळं त्यातूनच वाढलं.

जुनी गाडी म्हटलं की कोल्हापूरकराला आधी दसरा चौक आठवतो. राजाराम महाराजांच्या काळातली संस्थानची मेबॅक ही जर्मन मोटार शाही दसऱ्याला अजून तिथे येते. मूळ मेबॅक कंपनीने 1940 नंतर मोटारी बनवणं थांबवलं. ऐंशीहून जास्त वर्षं जिचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत, ती गाडी आपल्या चाकांवर चौकात येते. हारतुऱ्यांपेक्षा माझं लक्ष तिच्या आवाजाकडे असतं.

साध्या माणसाच्या गाडीची गोष्ट त्यानंतर सुरू होते. 1 मार्च 1949 ला संस्थान विलीन झालं. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर केंद्र सरकारने धोरण ठरवलं की ज्यांना इथे गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी नाही. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. त्यांच्या गाड्या रस्त्यावर राहिल्या, पण सुटे भाग दुर्मिळ झाले. अशा गाड्या चालू ठेवायचं काम उद्यमनगरसारख्या ठिकाणांकडे आलं.

नवी गाडी घ्यायची तर पर्याय दोन-तीन, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसॅडर, मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट. तीच 1964 मध्ये 1100 डिलाइट, 1972 मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 मध्ये पद्मिनी झाली. नाव बदलत गेलं, इंजिन तेच, 1089 सीसीचं. त्याची मूळ रचना 1937 सालची इटालियन! काही लोक याला मागासलेपण म्हणतात, आणि ग्राहक म्हणून ते खरंही आहे. पण मिस्त्रीच्या बाजूने बघा. बापाने जे इंजिन उघडलं तेच पोराने उघडलं. मापं तोंडपाठ, पुढच्या मापाचे पिस्टन दुकानात तयार.

घरच्या दुरुस्तीलाही ते सोपं होतं. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, या दोन प्रश्नांत निम्मं निदान व्हायचं. गाडी मिसिंग करायला, म्हणजे झटके द्यायला लागली की प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, आतले पॉइंट (उघडझाप करून ठिणगी घडवणारे संपर्क) पॉलिश पेपरने घासायचे आणि त्यांच्यातला गॅप लावायचा. फीलर गेज नसेल तर दाढीची पाती. एक पातं सुमारे 0.1 मिलिमीटर जाड, चार एकत्र धरली की 0.4, म्हणजे पद्मिनीला जवळपास हवा तेवढा गॅप. पाती मात्र तेलकट नकोत; पॉइंटला तेल लागलं की तासाभरात गाडी परत रुसते.

1983 अखेर मारुती आली आणि नव्या गाडीसाठी ताटकळणं कमी झालं. 2000च्या सुमाराला प्रदूषणाचे नियम कडक झाले, नव्या गाड्यांतून पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर गेला, पद्मिनीही त्याच सुमारास बंद पडली. अँबॅसॅडर 2014 पर्यंत तगली. घरी उघडता येणारी गाडी 'जुनी' ठरली ती इथे, वयापेक्षा बोनेटखालच्या कॉम्प्युटरमुळे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा हा फरक मी पाहिला. नव्या गाड्या क्रेनने उचलून नेल्या. शेजारच्या अँबॅसॅडरला आम्ही सेल्फ मारलाच नाही. प्लग काढले, चेंबरमधलं ऑइल सोडलं (दुधाच्या चहासारखं निघालं), नवं भरलं आणि पुढून हँडल फिरवून सिलिंडरमधलं पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर काढलं. आठवड्याने ती चालू झाली. सीटचा वास गेला नाही तो नाहीच.

कायद्याने जुन्या गाडीला वेगळी ओळख दिली ती अगदी अलीकडे, 2021 मध्ये. 50 वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. हे मिस्त्रीला सांगितलं तर म्हणाला, "मग मंडईला न्यायची न्हाई व्हय?"

सध्याचा त्रास पेट्रोलचा आहे. याआधी एकदा तो झाला होता, 2000 मध्ये शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं तेव्हा. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या सीटला जपायचा. अँबॅसॅडरच्या जुन्या बिडाच्या हेडमध्ये सीट त्या बिडातच कापलेली, ती झिजू लागली. उद्यमनगरात कडक सीट ठोकून घेतल्या की प्रश्न मिटायचा. पद्मिनीच्या अ‍ॅल्युमिनियम हेडला सीट मुळात वेगळी बसवलेली, त्यामुळे आम्ही वाचलो. इथेनॉलमधून कुणी वाचत नाही. 2001 मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले, त्यातला एक इथून तासा-दीड तासावर, मिरजेला. 2023 पासून 20 टक्के मिश्रण पंपांवर येऊ लागलं. हे इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा फुगवतं, हवेतली ओल ओढून घेतं, आणि टाकीच्या तळाचं वर्षानुवर्षांचं कीट सुटं करून कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) आणून बसवतं. ज्या उसाच्या इंजिनांनी आमचे मिस्त्री घडवले, त्याच उसाचा हा रस!

नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या, पडदा बदलला. टाकी राहिली आहे. रविवारी उतरवून आतून धुवायची, पिना (बारीक भोक) निघाला तर उद्यमनगरात डाग देऊन आणायचा.