फाइल समोर आहे, तरी सापडत नाही

आर्म प्रोसेसरचा एक छोटा बोर्ड माझ्या टेबलावर कायम सुरू असतो. त्यावर लिनक्स आहे. मध्यंतरी त्यासाठी एक प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा होता. यादीत त्याच्या पाच-सहा फाइली होत्या, प्रत्येक वेगळ्या प्रोसेसरसाठी. कोणती घ्यावी हे कळावं म्हणून टर्मिनलवर 'यूनेम -एम' ही मशीनचा प्रकार सांगणारी आज्ञा दिली. उत्तर आलं 'एआर्च६४', म्हणजे ६४ बिटचा आर्म. त्याच नावाची फाइल उतरवली, चालवायला गेलो, तर शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) म्हणतं: अशी फाइल नाही. फाइलींची यादी दाखवणारं 'एलएस' केलं तर फाइल समोर दिसतेय. नाव बरोबर, परवानगीही दिलेली.

'यूनेम'चं उत्तर खरं होतं, पण ते मला हव्या असलेल्या प्रश्नाचं नव्हतं.

'यूनेम' जे सांगतं ते कर्नलकडून आलेलं असतं. कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि बाकीचे सगळे प्रोग्रॅम यांच्या मधला गाभा. युनिक्ससाठीच्या पोसिक्स मानकानुसार तो पाच गोष्टी सांगतो: सिस्टिमचं नाव, नेटवर्कवरचं मशीनचं नाव, रिलीज, व्हर्जन आणि हार्डवेअरचा प्रकार. तो प्रकार कोणत्या शब्दांत सांगायचा, हे मात्र मानकानं ठरवलेलं नाही. त्यामुळे इंटेल किंवा एएमडीच्या त्याच ६४ बिट प्रोसेसरला लिनक्स 'एक्स८६_६४' म्हणतं, फ्रीबीएसडी 'एएमडी६४' म्हणतं आणि सोलारिस 'आय८६पीसी'. सिस्टिमच्या नावाचंही तसंच. मॅकवर 'डार्विन' असं उत्तर येतं. लिनक्सवर नुसतं 'लिनक्स' येतं, कारण आपल्या भोवती डेबियन आहे की फेडोरा (लिनक्स कर्नलवर उभ्या केलेल्या वेगवेगळ्या सिस्टिम), याच्याशी कर्नलला कर्तव्य नसतं. ते हवं असेल तर 'ईटीसी' फोल्डरमधली 'ओएस-रिलीज' ही फाइल वाचायची. कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच मशीनवर प्रोग्रॅम वेगळे ठेवून चालवायच्या बंदिस्त जागेत, ही दोन उत्तरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही: कर्नल मूळ मशीनचा असतो, फाइल कंटेनरची. दोन्ही खरी.

कधी कधी कर्नल मुद्दाम वेगळं उत्तर देतो. २.६ ही लिनक्स कर्नलची मालिका २००३ च्या अखेरीपासून २०११ पर्यंत चालली. जुलै २०११ मध्ये एकदम ३.० आलं. इतकी वर्षं आकडा २.६ नेच सुरू व्हायचा, म्हणून काही प्रोग्रॅममध्ये तसं गृहीत धरलेलं होतं आणि ते अडखळले. मग कर्नलमध्येच एक सोय करण्यात आली: तशी खूण लावून चालवलेल्या प्रोग्रॅमनं विचारलं की ३.० ऐवजी २.६.४० सांगायचं. जुने प्रोग्रॅम पुन्हा सुरळीत चालले. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आवृत्तीच्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची ते तिच्यातून नेमकं दिसतं.

मग थेट प्रोसेसरलाच विचारलं तर? इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरांना ते जमतं. १९९३ च्या पेंटियमपासून (आणि उशिराच्या काही ४८६ मध्ये) 'सीपीयूआयडी' नावाची सूचना आहे. एका रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागेत) शून्य ठेवून ती चालवली, की बारा अक्षरं तीन रजिस्टरांत चार-चार करून येतात: ईबीएक्समध्ये 'जेन्यु', ईडीएक्समध्ये 'इनआय', ईसीएक्समध्ये 'एनटेल'. ईसीएक्सच्या आधी ईडीएक्स वाचायचं, हा क्रम चुकला की नाव विस्कटतं. जोडून वाचलं की 'जेन्युइनइंटेल'. एएमडीच्या चिपवर तिथेच 'ऑथेंटिकएएमडी' येतं. त्यापुढचे आकडे ठेवून विचारलं, की चिपला काय काय येतं तेही कळतं. लिनक्सवर हे सगळं 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'सीपीयूइन्फो' फाइलमध्ये वाचायला मिळतं. पीसीवर ३२ बिटचा कर्नल असेल, तर 'यूनेम -एम' म्हणेल 'आय६८६'. पण या फाइलच्या 'फ्लॅग्स' ओळीत 'एलएम' ही दोन अक्षरं दिसली, तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे हे नक्की.

माझ्या बोर्डाचा प्रोसेसरही ६४ बिटचा, कर्नलही ६४ बिटचा. मग अडलं कुठे? वरचे प्रोग्रॅम किती बिटचे ते सांगणारी 'गेटकॉन्फ लाँग_बिट' ही आज्ञा दिली तर उत्तर आलं ३२. खात्री करायला 'एलएस' या प्रोग्रॅमची फाइलच उघडून बाइट पाहिले. लिनक्सवरच्या अशा फाइलीचे पहिले चार बाइट ठरलेले असतात: ७एफ, आणि मग 'ई', 'एल', 'एफ' ही अक्षरं. पाचवा बाइट १ असला तर ३२ बिट, २ असला तर ६४. इथे १ होता. कर्नल ६४ बिटचा, पण त्यावरचे सगळे प्रोग्रॅम आणि लायब्ररी ३२ बिटच्या, असा तो मेळ होता.

मी उतरवलेल्या ६४ बिट प्रोग्रॅमला सुरू होण्याआधी त्याच्याच जातीचा लोडर (प्रोग्रॅम आणि त्याच्या लायब्ररी मेमरीत आणून जोडणारा प्रोग्रॅम) लागतो, आणि त्या लोडरचा पत्ता प्रोग्रॅममध्येच लिहिलेला असतो. कर्नलनं त्या पत्त्यावर पाहिलं, तिथे काही नव्हतं. 'अशी फाइल नाही' हे वाक्य त्या लोडरबद्दल होतं. ३२ बिटची फाइल घेतली आणि प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात सुरू झाला.